ब्लॉकेज नाही, मग झालं काय?

माझी मामेबहीण दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वय 34, मुलगी अठरा दिवसांची. पहाटे साडेचारला तिला पाजायला उठली आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. दुखणं जबड्यात चढलं, डाव्या दंडात उतरलं, दरदरून घाम फुटला. मामीनं ओवा चावायला दिला, पोट शेकलं, पाठीला तेल चोळलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळंतवात आहे, होईल कमी." यात कुणाचा अडाणीपणा नव्हता. चौतिशीतली बाई, तंबाखूला कधी शिवलेली नाही, साखर नाही, बीपी नाही. तिला हार्ट अटॅक येईल हे त्या घरात कुणाच्या मनात यावं तरी कसं?

उजाडल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि तिला लगेच शहरात पाठवलं. रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. दुपारी अँजिओग्राफी झाली आणि बाहेर निरोप आला, "अँजिओ नॉर्मल आहे, ब्लॉकेज नाही, काळजीचं कारण नाही." मामा मटकन बाकावर बसला आणि रडला. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर मानसिक ताणाचा शेरा होता, सोबत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या.

नवव्या दिवशी पुन्हा तेच दुखणं आलं. या वेळी तिला दुसरीकडे नेलं. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी काहीही करण्याआधी पहिल्या अँजिओची सीडी मागितली आणि ती पुढे-मागे करत बराच वेळ पाहिली. हृदयाच्या पुढच्या अंगानं खाली उतरणारी मोठी धमनी निम्म्या वाटेवर एकाएकी बारीक झाली होती आणि टोकापर्यंत तशीच बारीक गेली होती. कुठे गाठ नाही, कुठे खाच नाही. म्हणून पहिल्यांदा ती मुळातच बारीक आहे असं समजलं गेलं. पण ती धमनी मुळात बारीक नव्हती. तिची भिंत आतून उकलली होती.

त्या दिवसापासून "अँजिओ नॉर्मल" हे दोन शब्द ऐकले की मी थांबतो. रोग नाही, असा त्यांचा अर्थ आपण लावतो. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ इतकाच असतो की, एक कारण दिसलं नाही.

हार्ट अटॅक म्हणजे वैद्यकाच्या भाषेत हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग रक्तावाचून मरणं. या व्याख्येत चरबी नाही, कोलेस्टेरॉल नाही, ब्लॉकेजही नाही. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींमधलं प्रथिन आहे. पेशीला इजा झाली की ते बाहेर झिरपतं आणि रक्तात सापडतं. ते वाढलं असेल आणि कमी-जास्त होत असेल, तर स्नायूला नुकतीच इजा झाली आहे एवढं नक्की. ती कशानं झाली हे ट्रोपोनिन सांगत नाही, आणि मनावर ताण असला तरी स्नायूला इजा झाल्याशिवाय ते वाढत नाही. मामेबहिणीच्या कार्डावर ट्रोपोनिनचा वाढलेला आकडा आणि ताणाचा शेरा एकाच पानावर होते. दोघांचा मेळ कसा बसतो, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण चांगली बातमी मिळाल्यावर प्रश्न विचारायचं सुचत नाही.

अटॅक म्हणजे ब्लॉकेज हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसायला तशी कारणं आहेत. 1958 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडत होते. नळीचं टोक चुकून उजव्या हृदयधमनीत शिरलं आणि सगळं द्रव्य तिथेच गेलं. हृदय काही क्षण थांबलं, रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके परत सुरू झाले. या अपघातातून जिवंत माणसाच्या हृदयधमन्या एकेक करून बघण्याची वाट सापडली. 1977 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्यानं पहिली हृदयधमनी उघडली. 1980 साली मार्कस डीवूड यांनी झटक्यानंतर चार तासांच्या आत आलेल्या रुग्णांची अँजिओग्राफी करून दाखवलं की, शंभरातल्या 87 जणांची धमनी पूर्ण बंद असते. दिसली, उघडता आली आणि उघडल्यावर माणूस वाचला. अशा यशामागून विचारांचीही एक पायवाट पडते. सत्तर टक्के, नव्वद टक्के ही भाषा घरोघरी पोचली, आणि शून्य टक्के म्हणजे सुटका असं आपण धरून चाललो.

अँजिओग्राफीत दिसतं ते धमनीच्या आतलं रक्त, रंगद्रव्य मिसळलेल्या रक्ताची सावली. धमनीची भिंत दिसत नाही. नदीचं पाणी विमानातून बघावं, तसं हे आहे. पात्र कुठे अरुंद झालंय ते कळतं, काठ आतून पोखरला आहे का ते कळत नाही. शिवाय ही सावली त्या घटकेची. पहाटे चारला धमनी आवळली असेल आणि दुपारी दोनला सुटली असेल, किंवा रक्ताची गुठळी अडकून नंतर विरघळली असेल, तर दुपारच्या चित्रात काहीच सापडणार नाही.

धमनी निम्म्याहून जास्त कुठेही अरुंद नाही आणि तरीही खरा हार्ट अटॅक आला, अशा अवस्थेला डॉक्टर मिनोका म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे डॉ. जॉन बेल्ट्रेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली तोवरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, तेव्हा शंभर हार्ट अटॅकांमागे सुमारे सहा असे निघाले. हे रुग्ण ब्लॉकेजवाल्यांपेक्षा सरासरीनं तरुण होते, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं. शंभरात सहा म्हणजे थोडे वाटतील. पण आपल्याकडच्या हार्ट अटॅकांची संख्या पाहता त्या सहांची मिळून फार मोठी गर्दी होते. मिनोका हे रोगाचं नाव नाही, हेही इथेच सांगायला हवं. "ताप आहे" म्हटल्यावर मलेरिया की डेंगू ते शोधावं लागतं, तसंच मिनोकाच्या मागेही खरं कारण दडलेलं असतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठासून सांगतो, कारण या लेखाचा आधार घेऊन कुणी सिगारेट पेटवायला नको. आपल्याकडे तरुणांना येणारे बहुतेक हार्ट अटॅक अजूनही चरबीच्या थरांमुळेच येतात, आणि लवकर येतात. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय 53 होतं, इतरांचं 59 च्या आसपास. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, पोटाचा घेर यांना आपण तरुणपणीच गाठतो. मिसरी लावणाऱ्या बायकांना तर आपण तंबाखू घेतो असंही वाटत नाही. तेव्हा चाळिशीच्या आत छातीत दुखलं तर आधी नेहमीचा, ब्लॉकेजचा अटॅकच धरून चालायचं आणि धावायचं. मी लिहितोय ते अँजिओग्राफी झाल्यानंतरच्या तासाबद्दल, जेव्हा सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि शोध थांबतो.

आता मामेबहिणीच्या धमनीकडे येतो. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मुसळधार पावसात जुन्या घराच्या भिंतीत पाणी मुरतं आणि गिलावा विटेपासून सुटून फुगतो, ते आपण पाहिलेलं असतं. इथे पाण्याच्या जागी रक्त. आतल्या थराला चीर पडून रक्त भिंतीत घुसतं, किंवा भिंतीला रक्त पुरवणारी एखादी सूक्ष्म वाहिनी भिंतीतच फुटते. थर सुटतात, मध्ये रक्त साचतं आणि तो फुगवटा आतल्या वाटेवर दाब देतो. चरबीचा कण नसताना वाट बंद होते. धमनीची भिंत आपोआप उकलणं, म्हणजे स्कॅड.

हॅरॉल्ड प्रिटी नावाच्या डॉक्टरांनी 1931 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याची पहिली नोंद केली. 42 वर्षांची बाई, अचानक मृत्यू, शवविच्छेदनात उकललेली धमनी. पुढची कित्येक दशकं स्कॅड असा शवागारातच सापडत राहिला आणि पुस्तकांत फार दुर्मीळ, बहुधा जीवघेणा म्हणून नोंदला गेला. तो दुर्मीळ नव्हता, तो ओळखूच येत नव्हता. आता माहीत आहे की, स्कॅड होणाऱ्या दहांपैकी नऊ बायका असतात, बहुतेकींचं वय पंचेचाळीस ते पन्नाशीच्या आसपास. पन्नाशीच्या आतल्या बायकांना येणाऱ्या हार्ट अटॅकांत त्याचा वाटा काही अभ्यासांत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत येणाऱ्या अटॅकचं तर हे सगळ्यांत मोठं कारण आहे. त्या काळात संप्रेरकांची पातळी झपाट्यानं बदलते, रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं आणि धमनीच्या भिंतीतल्या जोडणाऱ्या धाग्यांची वीण सैल होते असं मानतात. अनेक रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या किंवा मानेच्या धमन्यांतही भिंतीचा एक जुना विकार सापडतो, त्याला फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया म्हणतात. म्हणून स्कॅड ठरला की हृदयावर न थांबता इतर धमन्यांचंही चित्र काढायला सांगतात. पुरुषांत बऱ्याचदा खूप जड उचलल्यावर हे घडल्याचं आढळतं, बायकांत बऱ्याचदा मोठ्या मानसिक धक्क्यानंतर.

या रोगाच्या अभ्यासाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2009 साली अमेरिकेत स्कॅड झालेल्या काही बायकांनी इंटरनेटवर एकमेकींना शोधलं. प्रत्येकीला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की, हा रोग इतका विरळा आहे की त्यावर अभ्यासच नाही. त्यांतल्या एकीनं एका परिषदेत मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरन हेझ यांना गाठलं. "आम्ही इतक्या जणी आहोत, अभ्यास करा," असा तिचा आग्रह होता. हेझ यांनी तो मानला, रुग्णांनी आपले कागद आणि सीड्या पाठवल्या आणि तिथून मोठी नोंदवही उभी राहिली. "दुर्मीळ" म्हणून मिटवलेलं प्रकरण रुग्णांनीच उघडलं.

स्कॅड ओळखणं इतकं महत्त्वाचं का, तर त्याचे उपचार नेहमीच्या उलट असतात. नेहमीच्या अटॅकमध्ये तार घालायची, फुगा फुगवायचा, स्टेंट बसवायचा. उकललेल्या भिंतीत तीच तार चुकीच्या थरात शिरू शकते आणि फुगा रक्ताला पुढे ढकलून उकल आणखी लांबवू शकतो. रुग्ण स्थिर असेल आणि रक्त पुढे जात असेल, तर धमनीला हात न लावणं हाच बहुतेकदा उत्तम उपचार. आठवड्या-महिन्यांत भिंत आपोआप सांधते, साचलेलं रक्त शोषलं जातं आणि पुन्हा काढलेल्या चित्रात बहुतेकांची धमनी पहिल्यासारखी दिसते. मात्र सुरुवातीचे काही दिवस उकल वाढण्याची भीती असते, म्हणून रुग्णाला रुग्णालयातच ठेवायला हवं. मामेबहिणीला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं आणि ती घरी नळाच्या हंड्यांना हात लावत होती. धमनी एकदा सांधली तरी पुढच्या काही वर्षांत दुसरी एखादी उकलण्याची शक्यता उरतेच. रक्तदाब आटोक्यात ठेवला आणि बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू ठेवलं, तर ती कमी होते असं कॅनडातल्या रुग्णांच्या दीर्घ पाहणीत दिसलं आहे.

बीटा ब्लॉकर हा शब्द लक्षात असू द्या, कारण पुढच्या रोगात तो वेगळ्याच रंगात येतो.

1959 साली लॉस एंजेलिसमधल्या डॉ. मायरन प्रिन्झमेटल यांनी छातीदुखीचा एक वेगळा प्रकार मांडला. चालताना, जिना चढताना दुखत नाही, स्वस्थ पडल्यावर दुखतं, आणि तेही बहुधा मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत. धमनीच्या भिंतीतला स्नायू पिंडरीत गोळा यावा तसा आवळतो, वाट मिटते आणि काही मिनिटांनी आपोआप सुटते. लांबलं तर अटॅक, आणि कधी ठोक्यांची लय बिघडून मृत्यू. जपान आणि कोरियात हा विकार जास्त सापडतो. तिथले डॉक्टर अँजिओग्राफी करतानाच धमनीत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सोडून ती आवळते का ते पाहतात. आपल्याकडे ही चाचणी फार कमी ठिकाणी होते. अशा रुग्णांत सिगारेट ओढणारे खूप सापडतात. कोकेनसारखी नशा तर धमनी आवळते, रक्तदाब वाढवते आणि गुठळीही धरायला लावते. विशी-तिशीतल्या मुलाच्या छातीत दुखलं तर डॉक्टर नशेबद्दल विचारतील. त्यांना खरं सांगावं. आई-वडिलांना बाहेर पाठवून सांगावं, पण सांगावं.

आवळणाऱ्या धमनीवर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आणि नायट्रेट ही औषधं चांगली लागू पडतात. बीटा ब्लॉकरमधली काही औषधं मात्र इथे दुखणं वाढवू शकतात. म्हणजे दोन खाटांवर दोन तरुण रुग्ण, दोघांचे ट्रोपोनिन वाढलेले, दोघांच्या अँजिओवर "नॉर्मल" लिहिलेलं. एकीला जे औषध तारेल, तेच दुसऱ्याला त्रास देईल. कारण न शोधता "सावधगिरी म्हणून" सरसकट गोळ्या लिहून देणं किती धोक्याचं, ते यावरून कळतं.

तिसरी वाट गुठळीची. धमनीत अरुंदपणा न आणणारा चरबीचा एखादा लहानसा थर असतो. त्याच्या वरचं पातळ अस्तर झिजतं किंवा फाटतं, तिथे गुठळी धरते, अटॅक येतो, आणि अँजिओपर्यंत ती विरघळून जाते. काही माणसांचं रक्तच लवकर गोठतं. ज्या बाईचे गर्भ वारंवार पडले आहेत, तिला पुढे तरुणपणी अटॅक किंवा पक्षाघात आला तर रक्त असं गोठवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची तपासणी व्हायलाच हवी. पण हृदयरोगतज्ज्ञ गर्भपातांचं विचारत नाहीत आणि बाईही, त्याचा इथे काय संबंध म्हणून, सांगत नाही. गुठळी दुसरीकडूनही येते. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप आपल्याकडे अजून दिसते, आणि अशा हृदयाच्या कप्प्यात धरलेली गुठळी सुटून हृदयधमनीतही जाऊ शकते.

काही कारणं जन्मापासून किंवा बालपणापासून सोबत असतात. अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटू पीट मारावीच दहा हंगाम व्यावसायिक स्पर्धांत खेळला आणि 1988 साली चाळिसाव्या वर्षी मित्रांबरोबर साधा खेळ खेळताना कोसळला. शवविच्छेदनात कळलं की, त्याला डावी हृदयधमनी जन्मतःच नव्हती. एका धमनीवर त्याचं हृदय ते सगळे सामने खेळलं. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी 1967 साली वर्णन केलेला, लहान मुलांना होणारा आजारही या यादीत येतो. पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, नंतर बोटांची सालं निघणं. उपचार न झालेल्या दर चार मुलांपैकी एकाच्या हृदयधमन्यांना फुगे येतात. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हे प्रमाण शंभरात चारच्या आसपास उतरतं. ज्याच्या धमनीतला फुगा राहून गेला, त्याच्या त्या फुग्यात विशी-तिशीत गुठळी धरू शकते. तोवर तो ताप घरात सगळे विसरलेले असतात.

आणि एक रोग अटॅकचं सोंग घेऊन येतो. आठवडाभरापूर्वी सर्दी-ताप झालेला पंचविशीचा मुलगा छातीत दुखतं म्हणून येतो. ईसीजी बदललेला, ट्रोपोनिन भरपूर वाढलेलं, अँजिओ साफ. इथे धमन्यांचा दोष नसतो, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज आलेली असते. याला मायोकार्डायटिस म्हणतात. हृदयाच्या एमआरआयनं तो फार सुंदर ओळखता येतो. रक्त अडल्यामुळे मरणारा स्नायू आतल्या बाजूनं मरायला लागतो, कारण तो थर रक्तपुरवठ्याच्या अगदी शेवटाला असतो. विषाणूच्या सुजेची खूण बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात दिसते. एका चित्रावरून दोन रोग वेगळे होतात. मायोकार्डायटिस झालेल्याला तीन ते सहा महिने जिम, क्रिकेट, पोलीसभरतीची धाव सगळं बंद ठेवावं लागतं, कारण सुजलेलं हृदय जोराच्या व्यायामात लय सोडू शकतं. "अँजिओ नॉर्मल, आता बिनधास्त खेळ" असं सांगून त्याला मैदानावर पाठवणं घातक ठरू शकतं.

तरुण मृत्यूंची चर्चा निघाली की करोनाच्या लशीवर येते, म्हणून थोडं त्याबद्दल. एमआरएनए लशींनंतर तरुण मुलांमध्ये क्वचित मायोकार्डायटिस झाला, हे खरं आहे. पण आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन त्या जातीच्या नव्हत्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 47 रुग्णालयांच्या मदतीनं 18 ते 45 वयातल्या, कारण न कळलेल्या अचानक मृत्यूंची तुलना जिवंत लोकांशी केली. 2023 साली निष्कर्ष आले. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत करोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, घरात पूर्वी असा अचानक मृत्यू झालेला असणं, शेवटच्या दोन दिवसांत अतोनात दारू पिणं आणि जोराचा व्यायाम करणं ही निघाली. घरातल्या मृत्यूची बाब मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. "काका झोपेतच गेले, भाग्यवान" असं आपण म्हणतो. काका अडतीस वर्षांचे असतील, तर भावंडांनी आणि मुलांनी निदान ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यायला हवा.

मोकळ्या धमन्यांचा शोध पुढे नेला तर कारण खरोखर सापडतं का? न्यूयॉर्कच्या डॉ. हार्मनी रेनॉल्ड्स यांनी मिनोका झालेल्या बायकांवर हे करून पाहिलं. धमनीत प्रकाशाचा तंतू घालून भिंतीचं आतून चित्र काढणारी ओसीटी आणि जोडीला हृदयाचा एमआरआय, अशा दोन तपासण्या त्यांनी केल्या. ज्या 116 जणींच्या दोन्ही तपासण्या झाल्या, त्यांतल्या सुमारे 85 टक्के बायकांना कारण मिळालं. त्या प्रत्येकीच्या अँजिओवर आधी "ब्लॉकेज नाही" असंच लिहिलेलं होतं. ओसीटीची नळी नाजूक धमनीत घालणं प्रत्येकीला झेपत नाही, स्कॅडचा संशय असेल तर हात राखूनच ती वापरतात. एमआरआय महाग आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी तो हृदयासाठी सगळीकडे होत नाही, आणि उशीर झाला तर सुजेच्या खुणा पुसट होतात, म्हणून तो पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच करावा लागतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण अँजिओची सीडी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मामेबहिणीचं निदान कुठल्याही नव्या यंत्रानं झालं नाही. आधीच काढलेलं चित्र कुणीतरी शंका धरून पाहिलं, एवढंच झालं.

तरुण बायकांच्या बाबतीत ही शंका धरलीच जात नाही. अमेरिका, स्पेन आणि ऑस्ट्रेलियात पंचावन्नच्या आतल्या अटॅकवाल्या रुग्णांचा व्हर्गो नावाचा अभ्यास झाला. दाखल होण्याआधी दुखण्यासाठी डॉक्टरांकडे गेलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी सांगितलं की, डॉक्टरांना ते हृदयाचं वाटलंच नाही. पुरुषांत हे प्रमाण बरंच कमी, 37 टक्के होतं. तिथे हे, तर जिथे सुनेचं दुखणं सासूबाईंच्या परवानगीनं दवाखान्यात जातं, तिथे काय होत असेल? मला याचा राग येतो. गॅस, टेन्शन, झोप नाही, बाळ रडतं म्हणून, या शब्दांखाली किती जणी घरी परत गेल्या असतील, त्याची मोजदाद कधीच होणार नाही.

अशी वेळ कुणाच्या घरी आली तर ओव्यानं, सोड्यानं वीस मिनिटं वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि तासाभरात ईसीजी होईल असं बघा. शेजाऱ्याच्या औषधाच्या डब्यातली जिभेखालची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठेवू नका, रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती आडवं पाडते. अँजिओ साफ निघाली तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, "मग ट्रोपोनिन कशानं वाढलं?" पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून सुरू होतं. उत्तर "माहीत नाही" असं आलं तरी हरकत नाही, ते कागदावर तसंच लिहून घ्या. "माहीत नाही" लिहिलेल्या कार्डावर पुढचा डॉक्टर शोध घेतो, "ताण" लिहिलेल्या कार्डावर घेत नाही.

मामेबहीण दुसऱ्या रुग्णालयात अकरा दिवस राहिली. मुलगी शेजारच्या खोलीत मामीजवळ होती. स्टेंट घातला नाही, रक्तदाब खाली ठेवला आणि वाट पाहिली. सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढलं, तेव्हा ती धमनी टोकापर्यंत भरून वाहत होती. मामानं तोवर गच्चीवर टाकी बसवून घेतली होती, कारण तिनं हंडा उचलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुन्हा मूल नको, हेही त्यांनीच समजावून सांगितलं, नवऱ्यालाही समोर बसवून. मुलगी आता दुसरीत आहे.

त्या दोन्ही सीड्या मामीनं कपाटात, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवल्यात. मागच्या दिवाळीत वाड्यातल्या एकांचा तिशीतला मुलगा छातीत दुखलं म्हणून दोन दिवस दाखल होऊन घरी आला. सगळं नॉर्मल निघालं म्हणून त्याची आई पेढे घेऊन आली. मामीनं पेढा हातात घेतला, देवापुढे ठेवला आणि तिला विचारलं, "सीडी आणलीत का?"